पाळणाघराची करसवलत कोणाच्या पदरात?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘पाळणाघर आणि कर’ असे सांगितले. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अहो, आपल्याकडे सीमाप्रश्न आहे, मराठी फलकांचा प्रश्न आहे, सरकारी कागद मराठीत मिळण्याचा प्रश्न आहे. त्यात हे पाळणाघर कुठे बसवायचे?” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण आम्ही बँकेत कारकून. राजकारण आम्हाला फार कळते असा दावा नाही, खाती मात्र कळतात. आणि आपल्या बेळगावातल्या मराठी घरांची खाती पाहिली की हा प्रश्न आपल्या व्यासपीठावरचाच आहे असे आम्हाला वाटते.

काउंटरवर बसणाऱ्याला गावाची हवा जरा लवकर कळते. पाऊस लांबला की सोने तारण ठेवणाऱ्यांची रांग वाढते. जून जवळ आला की शाळेच्या फीसाठी ठेवी मोडल्या जातात. तशीच आणखी एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला एखाद्या बाईच्या खात्यात उद्यमबागेतल्या कारखान्यातून पगार जमा होत असतो. एका महिन्यापासून तो येत नाही. मग काही दिवसांनी ती स्वतःच येते, पाचशे रुपयांची आवर्ती ठेव मुदतीआधी मोडायला. अशाच एकीला आम्ही विचारले, “ताई, दहाच हप्ते राहिलेत. आता कशाला मोडता?” ती म्हणाली, “साहेब, सासूबाई गेल्या की. आता पोराला बघणार कोण?”

सासूबाई गेल्या म्हणून नोकरी गेली. कारखान्यात बावीस माणसे. ही बाई तयार मालाची मापे तपासायची, चार वर्षांत हात बसलेला. मालक आपल्यातलाच, स्वभावाने वाईट नाही. तोही पुढे चेक भरायला आला तेव्हा हळहळला. नव्या मुलीला मापे घ्यायला शिकवायचे तर सहा महिने जाणार आणि तोवर माल परत यायला लागणार. म्हणजे बाईचे नुकसान झाले, मालकाचेही झाले आणि ठेव मोडली म्हणून आमच्या बँकेचेही झाले. आपल्या घरांत आजवर हे पाळणाघर आजीने चालवले, फुकट चालवले, आणि ते इतके सुरळीत चालले की त्याचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. आता आजी एक तर गावाकडे असते, किंवा पुण्याला दुसऱ्या सुनेकडे असते, किंवा तिचे स्वतःचे गुडघे गेलेले असतात.

तर कायदा काय म्हणतो ते आधी थोडक्यात पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४८ होते. पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवायचे, असा त्याचा आशय. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. हेतू चांगला होता, पण मोजणी फक्त बायकांची होती. त्यामुळे हजेरीपटावर बायका तीसच्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, ही युक्ती मालकांना सुचायला वेळ लागला नाही. म्हणजे ज्या कलमाने बाईला नोकरी टिकवायला मदत करायची, तेच कलम एकतिसाव्या बाईला दारातून परत पाठवू लागले.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. यात एक शहाणपणा होता. पन्नास मोजताना पुरुषही धरले गेले. पण खर्च सगळा मालकाच्या माथी, सरकारचा वाटा काही नाही. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत गेले. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये पन्नासची अट आली, आणि त्याबरोबर एक महत्त्वाची मुभाही आली. स्वतःचे पाळणाघर काढायलाच हवे असे नाही. सरकारी, नगरपालिकेचे, खासगी किंवा एखाद्या संस्थेचे सामाईक पाळणाघर वापरता येते. अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून एकच पाळणाघर चालवले तरी चालते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, शेवटी आम्हाला तिथेच यायचे आहे.

आता हा पन्नासचा आकडा आपल्या भागावर ठेवून पाहा. उद्यमबाग आणि मच्छेच्या मोठ्या फौंड्र्या सोडल्या तर बहुतेक शेडमध्ये दहा, पंधरा, तीस माणसे. शहापूर-वडगाव-खासबागला माग घरातच. बाजारपेठेतल्या कापड दुकानात सहा मुली. निपाणीचे तर विचारूच नका. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराचे स्वतंत्र कलम होते, पण ते कारखान्याच्या जागेपुरते. विडी वळणारी बाई घरी सूप मांडीवर घेऊन बसली की ती कोणत्याच जागेत मोजली जात नाही, आणि तिचे पोर तंबाखूच्या धुळीत तिच्या शेजारीच रांगते. आमच्या बँकेचेही तेच. संपूर्ण बँकेत हजारो माणसे, पण एकेका शाखेत दहा-बारा. त्यामुळे आमच्या शाखेतली मुलगी बढतीची परीक्षा पास होऊनसुद्धा बढती नाकारते, कारण बढती म्हणजे बदली, आणि बदलीच्या गावी मूल कोणाकडे ठेवायचे हे तिला माहीत नसते. असे अर्ज लिहून देताना आम्ही पाहिले आहेत.

मोठ्यांकडे सगळे आलबेल आहे असेही समजू नका. एका कारखान्यात (नाव घेत नाही) आम्ही पगाराची खाती उघडायला गेलो होतो. दारावर ‘पाळणाघर’ अशी पाटी होती, भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवले होते, आणि आत रिकाम्या गोण्यांची थप्पी होती. तपासणीच्या दिवशी गोण्या हलतात, असे तिथल्याच एकाने हसत सांगितले.

अशा वेळी कोणीतरी उपाय सांगतो की मालकाला करात सवलत द्या, मग तो आनंदाने पाळणाघर काढील. उद्योजकांच्या बैठकांत हे हमखास ऐकू येते. आम्ही वाणिज्य शाखेचे, सवलतीच्या विरोधात नाही. पण हिशेब मांडून पाहिला की ही सवलत नेमकी कोणाला मिळते ते कळते. तो हिशेब आज मांडायचा आहे.

आपल्या देशात याचा एक छोटासा इतिहास आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. २००५ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला. मालक नोकरांना ज्या सोयी देतो त्यांवर मालकाने भरायचा कर. कर्मचारी कल्याणावरच्या खर्चापैकी वीस टक्के रक्कम ‘लाभ’ धरायची आणि तिच्यावर तीस टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. लाखभर खर्च केला तर साधारण ६,८०० रुपये कर. कायद्याने सक्तीच्या असलेल्या सोयी यातून वगळल्या होत्या. याचा अर्थ काय झाला? ज्याने कायद्याच्या धाकाने पाळणाघर काढले त्याला कर नाही, आणि ज्याने सक्ती नसताना, केवळ आपल्या कामगार बायकांची अडचण पाहून काढले, त्याला कर! ही चूक लक्षात यायला तीन वर्षे लागली. २००८ च्या अर्थसंकल्पात पाळणाघराचा खर्च या करातून वगळला. आणि २००९ साली प्रणव मुखर्जी यांनी तो करच रद्द केला. म्हणजे पाळणाघराचे नाव घेऊन दिलेली ती सवलत जेमतेम एक आर्थिक वर्ष जगली. इतक्या काळात तिची बातमी उद्यमबागेपर्यंत तरी पोचली असेल का, शंकाच आहे.

आजची स्थिती अशी. पाळणाघरावर केलेला खर्च हा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३७ होते, २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. कंपनीने २२ टक्क्यांचा पर्यायी दर घेतला असेल तर अधिभार-उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. समजा, एका मुलामागे मालकाने महिन्याला दोन हजार रुपये दिले. वर्षाचे चोवीस हजार. कंपनीचा कर सहा हजार चाळीस रुपयांनी कमी होतो, म्हणजे मालकाला ते मूल सुमारे अठरा हजारांत पडते. उरलेले सहा हजार सरकारने दिल्यासारखेच. सवलत वाढवून दीडपट वजावट दिली तर सरकारचा वाटा नऊ हजारांवर जाईल. इथपर्यंत ठीक.

आता आपला बावीस माणसांचा मालक घ्या. तो कंपनी नाही, स्वतःच्या नावाने धंदा करतो. वर्षाची उलाढाल एक कोटी, सगळे पैसे बँकेतून. तो अनुमानित उत्पन्नाची योजना घेतो, जिला आपण जुन्या कलमाच्या नावाने ‘४४ एडी’ म्हणतो. ती सोयीची आहे, वह्यांची कटकट नाही. उलाढालीच्या सहा टक्के नफा धरायचा, म्हणजे सहा लाख. त्यातून वेगळा कोणताही खर्च वजा होत नाही. त्याने पाळणाघरावर शून्य खर्च केला तरी उत्पन्न सहा लाख, आणि चोवीस हजार केला तरी सहा लाख. वर २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत रिबेटमुळे कर लागत नाही. मग त्याला दीडपट वजावट द्या, दुप्पट द्या, दहापट द्या. शून्याला कशानेही गुणले तरी काय येते ते आपण तिसरीत शिकलो आहोत.

नव्या नोकऱ्या देणाऱ्यांसाठी कलम ८० जेजेएए होते, वाढीव पगारखर्चाच्या तीस टक्के जादा वजावट, तीन वर्षे. त्यालाही लेखापरीक्षणाची अट होती, म्हणजे पुन्हा आपला मालक बाहेर. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचेही पुष्कळ जण नाव घेतात. तो २०१३ च्या कंपनी कायद्यातला, वर्षाला पाच कोटी नफा किंवा तशाच मोठ्या उलाढालीच्या नाहीतर मालमत्तेच्या कंपन्यांना लागू. त्यातून फक्त स्वतःच्या कामगारांसाठी खर्च केलेला चालत नाही. बाहेरच्यांसाठी खुल्या असलेल्या पाळणाघराला मात्र तो पैसा मागता येईल, हे आपल्या खजिनदारांनी टिपून ठेवावे.

परदेशात काय झाले हेही पाहण्यासारखे आहे, कारण तिथे असे प्रयोग जास्त वर्षे झाले आहेत. अमेरिकेने २००१ च्या कायद्याने मालकांना पाळणाघराच्या खर्चाच्या पंचवीस टक्के रक्कम सरळ करातून वळती करून घेण्याची मुभा दिली, वर्षाला कमाल दीड लाख डॉलर. आपल्या वजावटीपेक्षा ही सवलत कितीतरी उदार. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली अहवाल दिला. त्यातला अंदाज असा की २०१६ साली एवढ्या मोठ्या देशात ही सवलत घेणाऱ्या कंपन्यांची विवरणपत्रे तीनशेसुद्धा नव्हती. पाळणाघर उभारायचा खर्च आधी, सवलत नंतर, आणि तीही नफ्यावर कर लागत असेल तरच. २०२५ साली त्यांनी ती सवलत चाळीस टक्के केली, लहान उद्योगांना पन्नास टक्के, आणि लहान उद्योगांनी एकत्र येऊन पाळणाघराची सोय केली तरी ती मिळेल असे ठरवले. ही नवी व्यवस्था २०२६ पासूनची. म्हणजे त्यांनाही शेवटी सामाईक पाळणाघराचा विचार करावा लागला.

इंग्लंडचा अनुभव वेगळा. तिथे २००५ पासून मालकामार्फत पाळणाघराची व्हाउचर मिळत आणि तेवढ्या पगारावर कर लागत नसे. पण मालकाने योजना घेतली तरच. ज्या बाईचा मालक उदासीन तिला काही नाही, आणि स्वतःचा छोटा धंदा करणारीलाही काही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात नव्या लोकांसाठी ती योजना बंद केली आणि पैसे थेट पालकांच्या खात्यात देण्याचा मार्ग धरला.

आपल्याकडे पालकांचे काय? जुन्या पद्धतीत ८० सी खाली शिकवणीची फी वजा करता येत असे, त्यात प्ले स्कूल आणि शिशुवर्गाची फी धरली जाई. पाळणाघराची नाही. ‘अ आ ई’ गिरवले तर वजावट, नुसते झोपवले-भरवले तर नाही! आणि नव्या करपद्धतीत तीही सोय उरलेली नाही. असो. महिन्याला बारा हजार कमावणाऱ्या बाईला आयकराचा प्रश्नच येत नाही, तिच्या दृष्टीने ही सगळी चर्चा दुसऱ्याच गावची.

सरकारी पाळणाघरे अगदीच नाहीत असे नाही. केंद्राची राजीव गांधींच्या नावाची योजना २००६ साली आली, तिचे पुढे नाव बदलले, आणि २०२२ पासून ती ‘पाळणा’ म्हणून अंगणवाडीला जोडली गेली. कर्नाटक सरकारने २०२३ साली ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, अशी योजना जाहीर केली, चार हजार ग्रामपंचायतींत, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. चांगली कल्पना. ती कन्नड नावाने आली म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. पण ती खेड्यांसाठी. शहरातल्या शेडमध्ये उभी राहणारी बाई तिच्यात बसत नाही. साधी अंगणवाडीही बसवून घेते ती तीन वर्षांपुढच्या मुलांना. त्याखालच्यांना घरपोच आहार मिळतो, घरपोच आजी मिळत नाही.

मग मागायचे काय? नुसती ‘करसवलत द्या’ अशी मागणी करून आपण आपल्याच लोकांना काही मिळवून देत नाही, हे आतापर्यंत पटले असेल तर आमचे अर्धे काम झाले. आमच्या मते मागणी कर्मचारी राज्य विम्याच्या दारात न्यायला हवी, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. कारण साधे आहे. पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून, पण ईएसआय दहा माणसांपासून. आपला बावीस माणसांचा मालक आयकराच्या सवलतीत कुठेच नाही, पण ईएसआयमध्ये दर महिन्याला आहे. पगाराच्या सव्वातीन टक्के तो भरतो, पाऊण टक्का बाई भरते. बारा हजार पगारावर त्याचे तीनशे नव्वद आणि तिचे नव्वद. तिचे बाळंतपण झाले तेव्हा सव्वीस आठवड्यांचा पगार मालकाने दिला नाही, ईएसआयने दिला. म्हणून प्रसूतीच्या बाबतीत लहान मालकाला बाई नकोशी होण्याचे कारण निदान काही अंशी कमी झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ठरावातही तेच तत्त्व आहे, की प्रसूतीचा भार एकट्या मालकावर टाकू नये, सामाजिक विम्यातून द्यावा.

पण सत्ताविसाव्या आठवड्यात काय होते? त्या सोमवारी सकाळी आठ वाजता बाईने शेडमध्ये हजर व्हायचे आणि सहा महिन्यांच्या मुलाने कुठे हजर व्हायचे, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही. ज्या विम्याने सव्वीस आठवडे सांभाळले त्यानेच पुढे मूल तीन वर्षांचे होईपर्यंत पाळणाघराच्या खर्चातला ठरावीक वाटा द्यावा, आणि तो थेट नोंदणीकृत पाळणाघराच्या खात्यात जमा करावा. मालकाने आपला वाटा दिला तर तेवढी रक्कम त्याच्या पुढच्या महिन्याच्या भरण्यातून वळती व्हावी, त्याच्या उत्पन्नावर कर लागो वा न लागो. सरकारला हा मार्ग परका नाही. २०१६ च्या रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगारांसाठी मालकाचा पेन्शनचा हिस्सा सरकारने भरलाच होता, आणि १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या योजनेत नव्या नोकरीमागे मालकाला महिन्याला तीन हजारांपर्यंत देण्याचे ठरले. माणूस नव्याने ठेवायला पैसे मिळतात, तर ठेवलेली बाई टिकवायला का मिळू नयेत?

कोणी म्हणेल, खोटी मुले दाखवतील. दाखवतील काही. आम्ही बँकेत आहोत, खोट्या सह्या रोज पाहतो. म्हणून आम्ही चेकबुक देणे बंद केलेले नाही.

ही झाली दिल्लीकडे करायची मागणी. खासदार मत मागायला येतील तेव्हा त्यांना हेच विचारावे, आणि नुसते ‘महिला सक्षमीकरण’ असे उत्तर आले तर पुन्हा आकडा विचारावा, दहा की पन्नास. सीमाप्रश्नाच्या तारखा आपण २००४ पासून मोजतो आहोत, तशी याचीही एक वही आपल्या कचेरीत असायला हरकत नाही.

पण आपल्या हातात काही आहे की नाही? आहे, आणि ते सांगताना आमच्या छातीत जरा धडधडते, कारण समोर विश्वस्त बसले आहेत. आपल्या मंडळाचा तळमजल्याचा हॉल. लग्नसराई, हळदीकुंकू, व्याख्यानमाला, वधूवर मेळावा सोडला तर सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते सहा तो बंद असतो. त्याच्या मागची खोली आणि छोटे अंगण तर बाराही महिने बंद. आम्ही कच्चा हिशेब केला आहे. वीस मुले धरा. सांभाळायला दोघी आणि एक मदतनीस, प्रत्येकीला पंधरा हजार, कारण मुले सांभाळणाऱ्या बाईलाच किमान वेतनाखाली राबवून पाळणाघर चालवायचे असेल तर ते न चालवलेले बरे. हे झाले पंचेचाळीस हजार. दूध, खिचडी, केळी यांचे एका मुलामागे दिवसाला चाळीस धरून पंचवीस दिवसांचे वीस हजार. वीज, फिनेल, औषधाची पेटी, किरकोळ पाच हजार. एकूण सत्तर हजार, म्हणजे एका मुलामागे साडेतीन हजार.

यातले एक हजार आईने द्यावे, दोन हजार मालकाने. उरले पाचशे, वीस मुलांचे दहा हजार. ते मंडळाने देणगीतून काढायचे आणि जागेचे भाडे घ्यायचे नाही. लहान आठ-दहा मालक एकत्र आले तर वीस मुले सहज होतील. पन्नासच्या वरचा एखादा मोठा कारखाना आला तर त्याचीही कायद्याची अडचण सुटते, कारण सामाईक पाळणाघर चालते हे आम्ही मघाशी सांगितलेच. त्याच्याकडून मुलामागे जास्त घ्यायला आम्हाला काही वाटणार नाही. त्याला कर वाचतो, आपल्याला माहीत आहे किती वाचतो.

खजिनदारांची हरकत आम्हाला ठाऊक आहे. हॉलचे उत्पन्न लग्नांवर आहे आणि लग्नाची तिथी आठवड्याच्या मधल्या वारीही येते. म्हणूनच आम्ही हॉल नव्हे, मागची खोली आणि अंगण मागतो आहोत. दुसरी हरकत जबाबदारीची. मुलाला काही झाले तर? ही हरकत आम्ही हलकी मानत नाही. नोंदणी, विमा, जवळचा डॉक्टर, दारावर माणूस, आणि आईशिवाय कोणाच्या हाती मूल न देण्याची वही, एवढे झाल्याखेरीज एक दिवसही सुरू करू नये. यासाठी चार महिने लागले तरी लागू द्या.

तिसरी हरकत काही ज्येष्ठांनी खासगीत बोलून दाखवली. पूर्वजांनी वर्गणी काढून ही वास्तू मराठीसाठी बांधली, मुले सांभाळण्यासाठी नव्हे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक सांगतो. आपल्या मराठी शाळांची पटसंख्या का घसरते याच्यावर या हॉलमध्ये कितीतरी वेळा चर्चा झाली. शाळेत मूल सहाव्या वर्षी येते. त्याआधी दीड वर्षाचे असताना ते कुठे असते? सांभाळायला कोणी नाही म्हणून शेजारणीच्या घरी मोबाइलसमोर बसलेले असते, आणि त्याचे पहिले शब्द मराठीत येत नाहीत, कन्नडमध्येही येत नाहीत, कार्टूनच्या हिंदीत येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या आणि मुलांच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते की मूल शाळेत येण्याची वाट पाहत बसायचे नसते. आपल्या पाळणाघरातली एक बाई कन्नड बोलणारी असली तरी आमची हरकत नाही, शेजारच्या कन्नड घरातले मूल आले तर आनंदच आहे. आमची पिढी गल्लीत दोन्ही भाषा शिकली, काही बिघडले नाही. पण निदान एका खोलीत दिवसभर ‘ये रे बाळा’ म्हणणारे कोणी तरी असेल.

ती आवर्ती ठेव मोडलेली बाई आता घरी शिलाई करते. मधे एकदा पासबुक भरायला आली होती. मूल कडेवर होते, ते काउंटरवरच्या शाईच्या पॅडकडे हात पसरत होते. कारखान्यात अजून जागा आहे का, असे तिने आम्हालाच विचारले, जणू आम्हीच मालक. आम्ही मालकाला विचारले. तो म्हणाला, “आजही घेईन हो. पण पोराचे काय करणार ती?”

बाहेर टेबलावर एक कागद ठेवला आहे. आपल्यापैकी ज्यांचे कारखाने, दुकाने, दवाखाने आहेत त्यांनी त्यावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या: कामावर एकूण माणसे किती, त्यांत बायका किती, आणि त्यांची तीन वर्षांखालची मुले किती. स्वतःचे किंवा दुकानाचे नाव लिहिले नाही तरी चालेल. ज्यांना मुलांची संख्या ठाऊक नाही त्यांनी उद्या कामावर गेल्यावर विचारावी आणि शाखेत आमच्याकडे चिठ्ठी पाठवावी, दुपारी तीननंतर काउंटरला गर्दी कमी असते. पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत मागच्या खोलीचा विषय पत्रिकेवर घेण्याचे अध्यक्षांनी मान्य केले आहे. त्या सभेला हा भरलेला कागद घेऊन जायचा आहे.